शब्द कोणी टाकला?

‘जरा साहेबांकडे माझ्या पोरासाठी शब्द टाका ना.’ लालबाग-परळकडे वाढलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. त्यात तीन माणसं आहेत. ज्याला काम हवंय तो, ज्याच्या हातात काम आहे तो, आणि मधला, शब्द टाकणारा. सगळ्यात जास्त अडकतो तो मधला. पोरगा दुसऱ्याच आठवड्यात दांड्या मारायला लागला, की साहेबाचा पहिला फोन या मधल्याला जातो. साहेबाने पगार थकवला, तर पोराची आई याच्याच दारात येऊन उभी राहते.

आता फोन उघडा. ‘तुमच्यासाठी सुचवलेलं.’ गाणी, बिर्याणी, शर्ट, रील्स, नोकऱ्या, लग्नाची स्थळंसुद्धा. ‘सुचवलेलं’ म्हटलं की कर्ता सांगावा लागत नाही. शाळेत बाई असं वाक्य फळ्यावर लिहून विचारायच्या, ‘कर्ता कुठे गेला?’ इथेही तोच प्रश्न विचारायला हवा. आपण सवयीने ‘अल्गोरिदमने सुचवलं’ म्हणून मोकळे होतो. मला हे उत्तर पटत नाही. का पटत नाही ते सांगण्याआधी हे सुचवणं प्रत्यक्षात कसं बसवतात ते बघू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

हे काम फक्त मोठ्या कंपन्यांना जमतं, असा समज आहे. एकेकाळी तो खराही होता. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ या जातीच्या शिफारशी कशा काढायच्या, हे सांगणारा ॲमेझॉनच्या इंजिनिअरांचा लेख २००३ साली आला. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये जाहीर केलं, की आमच्यापेक्षा १० टक्के चांगला अंदाज करून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा. ते बक्षीस मिळवायला जगभरातल्या टीमना २००९ उजाडलं. आज तेच काम वेब सर्व्हिस म्हणून भाड्याने मिळतं. त्यासाठी गणित यावं लागत नाही. क्लायंट लायब्ररी बसवली की झालं. क्लायंट लायब्ररी म्हणजे दुभाषा: तुमच्या ॲपचं म्हणणं दूरच्या सर्व्हरला समजेल अशा भाषेत पोचवायचं आणि त्याचं उत्तर घेऊन यायचं.

प्रागमधल्या रिकॉम्बी या सर्व्हिसचं उदाहरण घेऊ. पायथॉन वापरत असाल तर टर्मिनलमध्ये एक ओळ: ‘पिप इन्स्टॉल’ आणि पुढे लायब्ररीचं नाव. मग ‘क्लायंट’ तयार करायचा. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: डेटाबेसचा आयडी, गुप्त टोकन आणि सर्व्हर कुठल्या रीजनमधला ते. (हे टोकन फोनवरच्या ॲपमध्ये कधीही टाकू नये, आपल्या सर्व्हरवरच ठेवावं. फोनसाठी वेगळं पब्लिक टोकन असतं. घाईत दोन्हींची गल्लत करणारे पुष्कळ.) त्यानंतर मुख्य कामं दोनच. एक, घडलेलं कळवायचं: अमक्या युजरने अमकी गोष्ट उघडून पाहिली, बुकमार्क केली, विकत घेतली, किंवा उणे एक ते अधिक एक या पट्टीवर तिला रेटिंग दिलं. दुसरं, विचारायचं: या युजरला पाच गोष्टी सुचव. उत्तरात पाच आयडी येतात आणि त्या शिफारशीचा एक क्रमांक येतो. युजरने पाचांपैकी कशावर टॅप केलं, तर ते कळवताना हा क्रमांक सोबत जोडायचा. म्हणजे सर्व्हिसला कळतं, की आपलं सुचवणं लागू पडलं.

या सगळ्यात ‘कॅस्केड क्रिएट’ नावाचा एक पॅरामीटर आहे. तो ‘ट्रू’ ठेवला की आधी नोंद नसलेला युजर त्याच्या पहिल्याच हालचालीसोबत आपोआप तयार होतो. सोय म्हणून उत्तमच. पण त्याचा अर्थही बघा. या व्यवस्थेत माणूस जन्माला येतो तो पहिल्यांदा कशाला तरी बोट लावल्यावर. त्याआधी त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याला तेच दाखवतात जे बाकीच्यांना आवडलंय.

बिर्याणीवर नैतिक निबंध लिहायची गरज नाही. चुकीची सुचवली गेली तर एक जेवण बिघडेल. म्हणून जरा जड उदाहरण घेऊ. समजा, कॉटन ग्रीनला, स्टेशनच्या पश्चिमेकडे अभ्युदयनगरमध्ये राहणाऱ्या दोन मित्रांनी एक ॲप काढलं. आसपासची कामं एका जागी: पूर्वेकडच्या गोदामांत लोडर आणि पॅकर, टॉवरमध्ये सिक्युरिटी, दुकानांत बिलिंग, ऑफिसांत डेटा एन्ट्री, कॉल सेंटर, डिलिव्हरी. मोबाइल नंबर टाका, पाच कामं समोर येतील. दोघं सज्जन आहेत. नाव-आडनाव विचारत नाहीत, जात-धर्म विचारत नाहीत, गावही विचारत नाहीत. लायब्ररी बसवली, क्लायंट तयार केला, कोण कशावर टॅप करतंय ते पाठवायला सुरुवात केली. आता सांगा, या ॲपवर जो शब्द टाकला जातोय, तो कुणाचा?

कॉटन ग्रीनच का, तर मुंबईत शिफारशीवर सगळ्यात जास्त पोटं जिथे अवलंबून होती, तो भाग इथून चालत जाण्याइतका जवळ आहे. शिवाय हे नावच मुळात फिरत आलेलं आहे. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथल्या मोकळ्या मैदानात, म्हणजे ‘ग्रीन’वर, कापसाच्या गाठी पडायच्या. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. पुढे माझगाव-शिवडीला भराव घालून जमीन केली आणि १९२० च्या दशकात कापूस इथे आला, येताना नावही घेऊन आला. कापसाच्या व्यापाराला शिस्त लावायला १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली होती. तिची कॉटन एक्स्चेंजची इमारत स्टेशनच्या पूर्वेला अजून उभी आहे. संस्थेचं नाव आता कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया.

इथून कापूस गिरण्यांत जायचा. आणि गिरण्यांत माणसं जायची ती जॉबरच्या शब्दावर. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. साच्यांची देखभालही त्याच्याकडे आणि माणसं लावणंही त्याच्याकडेच. सकाळी गेटवर बदलीवाले उभे असायचे. आज कोण गैरहजर आहे हे बघून, त्याच्या जागी कुणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवायचा. तो आपल्या गावचा, आपल्या भावकीतला, आपल्या चाळीतला माणूस आधी घ्यायचा. बदल्यात दस्तुरी घ्यायचा. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने या लाचखोरीवर कडक शब्दांत लिहिलं आणि कामगार भरतीचं काम जॉबरकडून काढून घ्या, असं सुचवलं. १९३५ मध्ये मालकांच्या संघटनेने बदली नियंत्रण पद्धत आणली: दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्ड द्यायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरचा शब्द कागदावर आणायचा, हा त्यामागचा प्रयत्न होता.

जॉबरला कुणी संत म्हणणार नाही. पण त्याची एक बाजू विसरली जाते. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवलंय, की जॉबर वाटतो तितका सर्वशक्तिमान नव्हता. त्याचं वजन त्याच्या माणसांवर उभं होतं. त्याने काम मिळवून दिलं नाही, अडचणीच्या वेळी उभा राहिला नाही, तर माणसं दुसऱ्याकडे जायची. आणि माणसं गेली की मालकाच्या लेखी त्याची किंमत शून्य. तो राहायचाही त्याच वस्तीत. संध्याकाळी त्याच नळावर, त्याच खानावळीत, त्याच गणपतीत लोक त्याला भेटायचे. शब्द टाकून गायब व्हायची सोय त्याला नव्हती.

माझा मुद्दा मात्र ‘माणूस बरा की मशीन’ असा नाही. त्या वादात नॉस्टॅल्जिया फार शिरतो. गिरणगावातली शिफारस किती क्रूर होती, याचं एक उदाहरण बघा, मग मशीनकडे परत येऊ.

कापड गिरणीत साचे खात्याची, म्हणजे विणाईची मजुरी सूत कातणाऱ्या खात्यांपेक्षा चांगली होती. आणि बहुतेक गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना साचे खात्यात प्रवेश नव्हता. कारण धोट्याचं सांगितलं जायचं. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी बसवायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या हातात जाणार, म्हणून सवर्ण विणकरांचा विरोध. असा काही सरकारी कायदा नव्हता. जॉबर आपल्या माणसांना आपल्यासारख्यांच्या खात्यात लावायचा आणि बाकीच्यांनी काय समजायचं ते समजून घ्यायचं. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. संपाच्या पुढाऱ्यांना तो आपल्या मागण्यांत घ्यायला भाग पाडणं, हीसुद्धा त्यांना लढाई करावी लागली.

आता एक कल्पना करा. १९२७ साली मुंबईच्या सगळ्या गिरण्यांची हजेरीपुस्तकं आपल्या हातात आहेत आणि ती आपण आजच्या एखाद्या रेकमेंडेशन सर्व्हिसला पाठवली. जात पाठवली नाही. नावं पाठवली नाहीत. फक्त कामगार क्रमांक, खातं आणि कुणी कुठे किती दिवस काम केलं, एवढंच. मग डिलाइल रोडच्या चाळीतल्या एका नव्या पोराने दोन-तीन दिवस रिंग खात्यात काम केलं आणि आपण विचारलं, याला पाच जागा सुचव. पाचही रिंग खात्यातल्या येतील. त्याच्यासारखी सुरुवात करणारी माणसं पुढे तिथेच राहिलेली आहेत, हे सर्व्हिसला दिसतं. ती तिथे का राहिली, ते दिसत नाही. धोटा दिसत नाही. हजेरीपुस्तकात धोट्याचा रकाना कुठून असणार?

आणि ही शिफारस खूप अचूक निघेल, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. तपासून बघितलं तर अंदाज शंभरातल्या कितीतरी वेळा बरोबर येईल, कारण दार बंद असतानाच्या जगात तो खरोखरच बरोबर आहे.

हे नुसतं कल्पनेचं राज्य नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फेसबुकवर नोकरीच्या जाहिराती देऊन बघितल्या. जाहिरात कुणाला दाखवायची यात त्यांनी बाई-पुरुष किंवा वंश असा भेद ठेवला नव्हता. तरीही लाकूडतोडीच्या कामाची जाहिरात ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांत सुमारे ९० टक्के पुरुष होते, आणि सुपरमार्केटमधल्या कॅशियरच्या जाहिरातीत ८५ टक्के बायका. ‘बायकांना लाकूडतोड दाखवू नका’ अशी ओळ कुणी लिहिली नव्हती. कोण टॅप करेल याचा अंदाज करत करत व्यवस्था तिथे पोचली. त्याच्या आदल्या वर्षी रॉयटर्सने बातमी दिली होती, की ॲमेझॉनने बायोडेटा चाळण्यासाठी बनवलेलं एक साधन गुंडाळलं. १० वर्षांच्या जुन्या अर्जांवर शिकल्यामुळे ते बायकांचे अर्ज मागे टाकत होतं.

तर अभ्युदयनगरच्या त्या दोन मित्रांकडे परत येऊ. त्यांनी जात विचारली नाही, हे चांगलं केलं. पण त्याने फारसं काही वाचत नाही. कोण पहाटे पाचला ॲप उघडतं, कोण आधी ‘हेल्पर’वर टॅप करतं, कोण इंग्रजीतली जाहिरात न वाचता पुढे सरकतं, यांतून ‘तुझ्यासारखी माणसं’ आपोआप तयार होतात. झोपडपट्टीतून आलेल्या मुलीने पहिल्या दिवशी घरकामाच्या दोन जाहिराती उघडल्या, कारण तिच्या आईला त्याच माहीत होत्या. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पडद्यावर बिलिंगचं काम येईलच असं नाही. तिला बारावीला अकाउंट्समध्ये किती मार्क होते, हे पाठवायचा रकाना कुणी केलेला नाही.

इथे दोघांपैकी एक मित्र म्हणेल, ‘पण आम्ही तर फक्त लायब्ररी वापरली.’ या वाक्याकडे नीट बघायला हवं. ते खोटं नाही. प्रागमधल्या सर्व्हिसला आयटम क्रमांक ४४१७ म्हणजे गोदामातली रात्रपाळी आहे की तिखट चिवडा, याने काही फरक पडत नाही. तिच्यासाठी तो एक आयडी. आणि या दोघांना आयडी कळतो, पण नेमका तोच का आला, ते कळत नाही. एकाला काम माहीत आहे आणि कारण माहीत नाही, दुसऱ्याला कारण माहीत आहे आणि काम माहीत नाही. अशा वाटणीत प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं, आणि प्रत्येकाचं थोडंथोडं बरोबरही असतं.

पण सर्व्हिसने नेमकं काय दिलं होतं ते आठवा. पाच आयडी आणि एक क्रमांक. म्हणजे एक अंदाज: हा युजर बहुतेक यांवर टॅप करेल. ‘तुमच्यासाठी सुचवलेलं’ हे शब्द त्या उत्तरात नव्हते. ते मराठीत, ठळक अक्षरांत, यादीच्या वर लिहिले ते अभ्युदयनगरमध्ये बसून लिहिले. ‘तू यावर टॅप करशील’ हा अंदाज आहे. ‘हे तुझ्यासाठी बरं आहे’ हा शब्द आहे. पहिल्याचा दुसरा कुठे झाला, तर त्या शीर्षकाच्या ओळीत. आणि ती ओळ कुठल्याही लायब्ररीसोबत इन्स्टॉल होत नाही.

म्हणून शब्द कोणी टाकला याचं माझं उत्तर असं: त्या दोघांनी. प्रागने नाही, गणिताने नाही, ‘डेटा’नेही नाही. त्यांना तो शब्द टाकायचा नसेल, तर शीर्षक बदलता येतं. ‘तुमच्यासारख्या लोकांनी यांवर टॅप केलंय’ असं खरं खरं लिहिता येतं. कुणी लिहीत नाही, कारण तसं लिहिलं की वाचणारा लगेच विचारतो, माझ्यासारखे म्हणजे कोण? तो प्रश्न विचारला जायलाच हवा, असं मला वाटतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मशीन निदान दस्तुरी तरी मागत नाही. जॉबरला गावाहून तुपाचा डबा आणून द्यावा लागायचा, कमाईतून वाटा द्यावा लागायचा. बायकांच्या खात्यांत नायकिणीची मर्जी सांभाळावी लागायची. फोन कुणाचीही मर्जी सांभाळायला लावत नाही. एकट्या, अनोळखी, गावाकडचं कुणीही नसलेल्या मुलाला गिरणीच्या गेटपेक्षा हे ॲप जास्त दयाळू आहे. मला हे मान्य आहे, आणि ज्यांचे आजोबा गेटवरून परत फिरले त्यांना तर हे सांगायलाही नको.

पण दस्तुरी खरंच गेली का? याच लायब्ररीत शिफारस मागताना ‘फिल्टर’ आणि ‘बूस्टर’ असे दोन पॅरामीटर देता येतात. फिल्टरमध्ये जे बसत नाही ते दाखवलंच जात नाही. बूस्टरमध्ये एखाद्या प्रकारच्या वस्तूंचं वजन वाढवता येतं. दोन मित्रांचं ॲप चालू लागलं, भाडं वाढलं, आणि एका सिक्युरिटी एजन्सीने विचारलं, ‘महिन्याला काही देतो, आमच्या जागा वर येतील का?’ बूस्टरमध्ये एक ओळ. युजरला काही दिसणार नाही. शीर्षक तेच राहील. जॉबरच्या काळात दस्तुरी देणाऱ्याला निदान माहीत असायचं, की आपण दिली आणि किती दिली. इथे पैसे देतो मालक, आणि ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला व्यवहाराचा पत्ताच नाही. हे दोन्ही पॅरामीटर वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. किमान वेतनाखालची कामं फिल्टरने कायमची बाहेर ठेवता येतात. स्टेशनपासून जवळच्या जागांना बूस्टर देता येतो. ओळ तशीच असते, लिहिणारा काय लिहितो एवढाच प्रश्न.

तसंच त्या शिफारशीच्या क्रमांकाचं. टॅप झालं की तो परत पाठवायचा आणि व्यवस्था स्वतःला शाबासकी देणार. पण टॅप म्हणजे काम मिळालं असं नाही. काम मिळालं म्हणजे पगार मिळाला असंही नाही. पोराची आई दारात येऊन जे सांगायची, ते या साखळीत कुठून शिरणार? रस्ता आहे. महिन्याने फोन करून विचारायचं, ‘पगार वेळेवर झाला का?’ आणि ‘नाही’ आलं तर त्या कामाला उणे एक रेटिंग पाठवायचं. लायब्ररीत त्याची सोय पहिल्या दिवसापासून आहे. वापरणारे कमी, कारण महिन्याने फोन करायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. यश कशाला म्हणायचं हे सर्व्हिस ठरवत नाही. तुम्ही जे कळवाल त्यालाच ती यश समजते.

कापसाच्या बाजाराने या बाबतीत काहीतरी शहाणपणाचं केलं होतं, असं मला नेहमी वाटतं. कापसाचा दर्जा डोळ्यांनी आणि बोटांनी ठरायचा. मूठभर रुई घ्यायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ओढायची, आणि तंतूची लांबी सांगायची. तोही एक शब्दच. चुकायचा, पक्षपातीही असू शकायचा. म्हणून मालाच्या दर्जावरून वाद झाला तर नमुना सर्वेअरांपुढे जायचा, आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर अपील करायची सोय होती. गाठीला अपील होतं. गिरणीच्या गेटवर उभ्या असलेल्या बदलीवाल्याला नव्हतं. आणि आज ज्या मुलीच्या पडद्यावर बिलिंगचं काम येत नाही तिला अपील करायचं तर आधी आपल्याला काय दाखवलं गेलं नाही, हे तिला कळायला हवं. न दाखवलेल्या गोष्टीविरुद्ध तक्रार कशी करणार?

शिफारस टाळण्याचीही एक रीत मुंबईला माहीत आहे: सोडत. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने सोडत काढली. घरं कमी, अर्ज फार. कागद बघून पात्र ठरवायचे आणि पुढे चिठ्ठी. सोडतीत नाव न लागल्याचं दुःख मोठं असतं, पण ‘तुझ्यासारख्यांना इथे घर नसतं’ असं ती कुणाला सांगत नाही. म्हणून मला वाटतं, पाच कामांतलं एक तरी सोडतीने निवडावं. चार अंदाजाची आणि एक नुसतं जवळचं, आधी कधी न दाखवलेलं, कुठल्याही खात्यातलं. धंद्याच्या आकड्यांत त्याचा तोटा दिसेल. त्या पाचव्या जागेवर टॅप कमी होतील. पण त्या मुलीला बिलिंगचं काम दिसण्याची शक्यता त्याच एका जागेत आहे. आणि तिने टॅप केलं, तर तिच्यासारख्या पुढच्या मुलींसाठी अंदाजही बदलेल.

या सगळ्यात एक अगदी छोटी गोष्ट राहिली, आणि लायब्ररी बसवताना ती हमखास शेवटी लिहिली जाते. नेटवर्क जातं, सर्व्हर वेळेत उत्तर देत नाही, आणि लायब्ररी टाइमआउटची चूक परत करते. ती पकडून तिथे काहीतरी लिहावं लागतं, नाहीतर युजरला रिकामा पडदा दिसेल. त्या क्षणी अंदाज नाही, डेटा नाही, प्राग नाही. दोन मित्र आणि कोडमधली एक रिकामी ओळ. एक म्हणतो, सगळ्यात जास्त टॅप होणारी पाच कामं दाखवू. दुसरा म्हणतो, सगळ्यात जास्त दिवस माणूस न मिळालेली पाच दाखवू. पहिला म्हणतो, ती कामं कुणाला नको असतात म्हणून तर पडून आहेत. दुसरा म्हणतो, किंवा ती कुणाला दाखवलीच गेली नाहीत.